'तुमचा कॉम्प्युटर हॅक झालाय' : हा फोन नेमका चालतो कसा, आणि त्याचं इगतपुरीशी काय कनेक्शन आहे?

इगतपुरी म्हटलं की पावसाळा, धुकं, भावली धरण आणि शनिवार-रविवारी मुंबईहून निघालेल्या गाड्यांची रांग आठवते. ऑगस्ट २०२५ मध्ये याच इगतपुरीतल्या एका रिसॉर्टवर सीबीआयचं पथक पोचलं. तिथे भाड्याने घेतलेल्या जागेत चक्क एक कॉल सेंटर सुरू होतं. छापा पडला तेव्हा ६२ कर्मचारी कामावर होते. सीबीआयच्या म्हणण्यानुसार हे लोक अमेरिका आणि कॅनडातल्या नागरिकांना 'आम्ही अ‍ॅमेझॉनच्या सपोर्ट विभागातून बोलतोय' असं सांगून लुटत होते. ४४ लॅपटॉप, ७१ मोबाईल, १ कोटी २० लाख रुपये रोख, अर्धा किलो सोनं आणि ७ आलिशान गाड्या जप्त झाल्या. पाच जणांना अटक झाली.

या बातमीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र गाड्या किंवा सोनं नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांची पदं पाहा. कुणी 'डायलर', कुणी 'व्हेरिफायर', कुणी 'क्लोजर'. म्हणजे एकाने गिऱ्हाईक गाठायचं, दुसऱ्याने माहिती काढायची आणि तिसऱ्याने पैसे वसूल करायचे. एखाद्या साध्या सेल्स ऑफिससारखीच कामाची वाटणी.

या धंद्याचं सगळ्यात जुनं आणि अजूनही जोरात चालणारं रूप म्हणजे टेक सपोर्टचा बनावट फोन.

फोनवर नेमकं काय होतं?

सुरुवात दोन प्रकारे होते. एक तर थेट फोन येतो : 'मी मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरवरून आम्हाला एरर येतायत.' किंवा एखादी वेबसाईट उघडली की अचानक पूर्ण स्क्रीनभर लाल इशारा येतो, सायरन वाजतो, माऊस अडकल्यासारखा वाटतो आणि खाली एक नंबर दिसतो. या दुसऱ्या प्रकारात तर फोन आपणच करतो, त्यामुळे समोरच्यावर संशय आणखी कमी येतो.

पुढचा भाग ऐकण्यासारखा आहे. पलीकडचा माणूस विंडोज आणि आर ही दोन बटणं एकत्र दाबायला लावतो आणि 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची खिडकी उघडायला सांगतो. तिथे खरोखरच लाल-पिवळ्या खुणांची भलीमोठी यादी असते. एरर, वॉर्निंग, पुन्हा एरर. ही यादी जगातल्या जवळपास प्रत्येक चालू विंडोज कॉम्प्युटरवर असते. एखादी सेवा सुरू व्हायला दोन सेकंद उशीर झाला तरी तिथे नोंद होते. पण ज्याने ती आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, त्याच्या छातीत धडकी भरणारच.

यावरही शंका आली तर पुढचा पत्ता तयार असतो. 'मी खरंच कंपनीतून बोलतोय याचा पुरावा देतो. तुमच्या मशीनचा खास आयडी मी तुम्हाला वाचून दाखवतो, तुम्ही जुळवून बघा.' मग एक कमांड टाईप करायला लावतात. यादीच्या शेवटी '८८८डीसीए६०' ने सुरू होणारा एक लांबलचक आकडा येतो, आणि पलीकडचा माणूस तो घडाघडा म्हणून दाखवतो. जुळतोच. कारण तो प्रत्येक विंडोज कॉम्प्युटरवर सारखाच असतो. हे म्हणजे 'तुमच्या पाचशेच्या नोटेवर गांधीजींचा फोटो आहे ना? बघा, मी रिझर्व्ह बँकेचाच माणूस' असं सांगण्यासारखं झालं.

म्हणजे इथे स्क्रीनवर दिसणारं बरंचसं खरं असतं. खोटा असतो तो फोनवरून सांगितलेला त्याचा अर्थ. त्यामुळे 'शिकलेली माणसं कशी फसतात?' हा नेहमीचा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही.

एकदा विश्वास बसला की एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं अ‍ॅप टाकायला लावतात. ही अ‍ॅप्स बेकायदा नाहीत, ऑफिसातले आयटीवाले ती रोज वापरतात. पण त्यातून कॉम्प्युटरचा ताबा समोरच्याकडे जातो. मग 'दुरुस्ती'चे काही हजार रुपये किंवा काहीशे डॉलर मागितले जातात.

पैसे परत करण्याचं नाटक

एकदा फसलेल्या माणसाला काही महिन्यांनी पुन्हा फोन येतो. 'आमची कंपनी बंद होतेय, तुमचे ३०० डॉलर परत करायचे आहेत.' कॉम्प्युटरचा ताबा घेतला जातो, बँकेचं पान उघडायला लावतात, रक्कम टाईप करायला सांगतात. टाईप करताना हळूच दोन शून्यं वाढवली जातात. दरम्यान त्याच माणसाच्या बचत खात्यातले ३०,००० डॉलर त्याच्याच दुसऱ्या खात्यात वळवले जातात, किंवा पानावरचा आकडा नुसता दिसण्यापुरता बदलला जातो. खात्यात ३०,००० डॉलर जास्त आलेले दिसतात.

मग रडारड सुरू होते. 'मॅडम, हे काय केलंत? माझी नोकरी जाईल. उरलेले पैसे परत द्या हो.' आणि समोरची व्यक्ती प्रामाणिक असल्यामुळेच बँकेत जाते, रोख काढते किंवा गिफ्ट कार्ड विकत घेऊन त्यावरचे नंबर फोनवर वाचून दाखवते. तिला वाटतं आपण कुणाचे तरी पैसे परत करतोय. जात असतात स्वतःचेच. या सगळ्या धंद्यातला सगळ्यात हलकट प्रकार कोणता असेल, तर तो हाच.

एफबीआयच्या २०२४ च्या अहवालात टेक सपोर्ट फसवणुकीच्या सुमारे ३६ हजार तक्रारी आहेत आणि नुकसान आहे जवळपास १४६ कोटी डॉलर. रुपयांत मोजलं तर बारा हजार कोटींच्या वर.

मग हे थांबत का नाही?

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ मध्येच अशा सहा टोळ्यांवर कारवाई केली होती, त्यातल्या बहुतेक भारतातून चालत होत्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला धाड टाकून ७० जणांना अटक केली. तिथे सोंग अमेरिकन टॅक्स खात्याचं होतं, पद्धत तीच. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींनंतर सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभरात ७६ ठिकाणी झडती घेतली.

अडचण तक्रारदाराची आहे. फसवणारा नोएडात किंवा इगतपुरीत, फसलेली आजी ओहायोत. तिच्या गावच्या पोलिसांचा हात इथवर पोचत नाही आणि इथल्या कोर्टात साक्ष द्यायला ती येणं कठीण. वर आयटी कायद्याच्या ६६ड कलमाखाली, म्हणजे कॉम्प्युटर वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक केल्याबद्दल, जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं, आणि गुन्हा जामीनपात्र. फसवणुकीचं बीएनएसचं कलम लागलं तर सात वर्षांपर्यंत जाता येतं. याउलट अहमदाबादच्या कॉल सेंटर्सशी जोडलेल्या टॅक्स घोटाळ्यात अमेरिकेत पकडलेल्या २१ जणांना २०१८ मध्ये शिक्षा झाल्या, त्यातली सगळ्यात मोठी वीस वर्षांची होती.

धंदा नव्या बाजारपेठाही शोधतोय. मे २०२५ मध्ये सीबीआयने १९ ठिकाणी छापे टाकून सहा जणांना पकडलं. लक्ष्य होते जपानचे ज्येष्ठ नागरिक. मायक्रोसॉफ्टच्या माहितीनुसार यातल्या सुमारे २०० पीडितांपैकी ९० टक्के पन्नाशीच्या पुढचे होते, आणि सावज हेरण्यापासून मजकूर जपानीत करण्यापर्यंतची कामं एआयकडून करून घेतली जात होती. भाषा येत नाही ही अडचण आता राहिलेली नाही. उद्या हाच फोन शुद्ध मराठीत आला तर आश्चर्य वाटायला नको.

आपल्याकडे काय?

'हे गोऱ्यांचं दुखणं' असं समजण्यात अर्थ नाही. मायक्रोसॉफ्टच्याच २०२१ च्या सर्वेक्षणात भारतातल्या ६९ टक्के लोकांनी अशा फसवणुकीशी गाठ पडल्याचं सांगितलं आणि ३१ टक्क्यांचे पैसे गेले. पैसे गमावण्यात पुढे होते ते २४ ते ३७ वयोगटातले, म्हणजे आई-बाबांना 'ओटीपी देऊ नका' असं बजावणारेच. रिझर्व्ह बँकेने तर फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कमधून खाती रिकामी होत असल्याबद्दल बँकांना सावध केलं होतं. आपल्याकडे कॉम्प्युटरऐवजी मोबाईल असतो आणि 'व्हायरस'ऐवजी केवायसी किंवा गुगलवर सापडलेला खोटा कस्टमर केअर नंबर, एवढाच फरक.

जिम ब्राऊनिंग या टोपणनावाने काम करणारा ब्रिटिश यूट्यूबर भारतातल्या अशा कॉल सेंटर्सच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून त्यांचं बिंग फोडतो. गुरुग्राममधल्या एका सेंटरचे सीसीटीव्हीच त्याने ताब्यात घेतले होते, बीबीसीने २०२० मध्ये त्यावर कार्यक्रम केला. २०२१ मध्ये 'यूट्यूब सपोर्ट' असल्याचं सांगणाऱ्या एकाने त्यालाच गंडवलं आणि त्याच्याच हातून त्याचं चॅनेल डिलीट करवलं. चॅनेल नंतर परत मिळालं.

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. स्क्रीनवर इशाऱ्यासोबत नंबर दिसला की तिथेच ओळखायचं. एस्केप बटण दाबून धरलं तर पूर्ण स्क्रीन व्यापलेलं पान बहुतेक वेळा लहान होतं. नाही झालं तर सरळ मशीन बंद करायचं. ताबा देऊन बसला असाल तर आधी वायफाय बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि लगेच १९३० या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत ते गोठवता येऊ शकतात, म्हणून आधी घरच्यांना सांगू का नको, या विचारात वेळ घालवू नका.