सुट्टीच्या दिवशीं लवाद व मध्यस्थी

शनिवारीं किंवा रविवारीं लवादाची अथवा मध्यस्थीची बैठक भरूं द्यावी कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां वकील व न्यायाधिकारी यांच्या सोयीचा दिसतो. आमच्या मतें तो अगोदर शेतकऱ्याचा आहे. जमीन गांवीं आणि तिचे कांहीं धनी परगांवीं, अशी आज पुष्कळ कुटुंबांची स्थिति आहे; आणि परगांवीं चाकरी करणाऱ्या धन्यास स्वतःचा म्हणून जो दिवस असतो तो आठवड्याच्या शेवटींच असतो.

आमचें वास्तव्य मुंबईच्या उपनगरांत साकीनाक्यास आहे. अंधेरी-कुर्ला रस्त्यास साकी विहार रस्ता जेथें मिळतो तोच हा नाका. २०१४ च्या जूनमध्यें घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाल्यापासून येथील वर्दळ आणखीच वाढली आहे. आसपास लहान कारखान्यांचे गाळे व गुदामें. आणि त्यांत राबणाऱ्यांपैकीं कित्येक जण घाटावरील व कोंकणांतील शेतकऱ्यांचेच मुलगे. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली हें ठाऊक असल्यामुळें यांतील कोणी ना कोणी नोटिशीचा कागद घेऊन आमच्याकडे येतो. चुलत्यानें वाट अडविली, शेजाऱ्यानें बांध कोरला, बापामागें वाटप राहिलें. भांडण जुनेंच असतें. जीव घेतो तो तारखेचा वार. तारीख बुधवारची असली कीं मंगळवारीं रात्रीं गाडी धरावयाची, बुधवार कचेरीच्या ओट्यावर काढावयाचा आणि गुरुवारीं कामावर उशिरां पोंचावयाचें. म्हणजे एका हजेरीस दोन-तीन खाडे. असें तीन-चार वेळां झालें म्हणजे मालक दुसरा माणूस पाहतो. मग हा तारखेस जाण्याचेंच सोडतो, आणि गांवची भावकी म्हणते, "मुंबईकर मुद्दाम येत नाहीं."

कचेरीची बाजूही आम्हांस ठाऊक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ प्रमाणें वाटप करावयाचें तर सहधारकांची संमति असली म्हणजे काम सरळ होतें. एक जरी गैरहजर राहिला तरी कागद तेथेंच थांबतो. "नोटीस बजावली, गैरहजर, पुढील तारीख" हा शेरा लिहितां लिहितां आमची बोटें झिजलीं. शेतवाटेच्या अडथळ्यासाठीं मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे. त्याखालीं सहा महिन्यांच्या आंत दाद मागावी लागते. हे सहा महिने एकमेकांचे निरोप पोंचवितांच निघून जातात.

त्यांत २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्याच्या कचेऱ्यांस पांच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्यापूर्वीं दुसरा व चवथा शनिवार तेवढा सुट्टीचा असे. तेव्हां मुंबईचा मनुष्य शुक्रवारीं रात्रीं निघून पहिल्या किंवा तिसऱ्या शनिवारीं कचेरी गांठूं शके. तेंही दार मिटलें. कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीस आमचा विरोध नाहीं. परंतु या फेरबदलांत तारखेसाठीं येणाऱ्याचा विचार कोणीं केला, हें विचारण्याचा अधिकार खातेदारास आहे.

कायद्याची कांहीं अडचण आहे काय? आम्हांस तशी दिसत नाहीं. लवाद म्हणजे उभयतांनीं मान्य केलेला निवाडा करणारा. मध्यस्थ निवाडा देत नाहीं, तो उभयतांस एका गोष्टीवर आणतो. १९९६ च्या लवाद व सलोखा अधिनियमांत बैठकीची रीत व जागा ठरविण्याची मोकळीक पक्षकारांस आहे. रविवार वर्ज्य असें त्यांत कोठेंही नाहीं. मुंबईंतील मोठ्या व्यापाऱ्यांचे लवाद शनिवारीं व सायंकाळीं चालतात, कारण इतर दिवशीं त्यांचे वकील कोर्टांत गुंतलेले असतात. राष्ट्रीय लोकअदालतीही बहुधा शनिवारींच भरतात. आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ या तीन महिन्यांत देशभर मध्यस्थीची जी मोहीम राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरण व सर्वोच्च न्यायालयाची मध्यस्थी समिति यांनीं चालविली, तींत आठवड्याच्या सातही दिवशीं मध्यस्थी करण्यास मोकळीक ठेवली होती. वाटपाचे व भूसंपादनाचे दावेही तींत घेतले होते. जें तीन महिने चाललें तें बारा महिने कां चालूं नये?

शेतकऱ्याच्या वाट्यास येणारा लवाद मात्र निराळा असतो. राष्ट्रीय महामार्गासाठीं जमीन गेली आणि मोबदला कमी वाटला, तर १९५६ च्या महामार्ग अधिनियमाच्या कलम ३-जी (५) अन्वयें केंद्र सरकारनें नेमलेल्या लवादापुढें जावें लागतें. हा लवाद बहुधा महसुली अधिकारीच असतो. त्याच्या मागें निवडणुका, टंचाई, दौरे, सभा; आणि त्या सर्वांतून उरलेल्या कचेरीच्या वेळांत शेतकऱ्याचा लवाद. व्यापाऱ्यास शनिवार मिळतो आणि ज्याची जमीन गेली त्यास मिळत नाहीं, हा भेद आम्हांस खटकतो.

आपल्याकडील जुनी रीत या बाबतींत अधिक सुटसुटीत होती. गोतसभा बसे तेव्हां वादी-प्रतिवादी प्रथम राजीनामा लिहून देत, म्हणजे सभेचा निवाडा मान्य करूं असें कबूल करीत, जामीन देत, मग तकरिरी होत. हरलेला येजितखत लिहून देई, जिंकलेल्याकडून हरकी घेत. त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. एल्फिन्स्टनसाहेबांनीं १८१९ च्या अहवालांत पंचायतीचे गुण सांगितले तसे दोषही सांगितले, आणि दिरंगाई हा त्यांतील एक होता. परंतु पंच लोकांमध्यें राहणारे होते. लोकांची सवड तीच त्यांची सवड. पुढें १८७५ सालीं सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा उसळला, तोही आठवडेबाजाराच्या दिवशीं, कारण त्याच दिवशीं कुणबी एकत्र येई. त्या दंग्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला व त्यांत सलोखा करणारे नेमले गेले. त्यांचा दाखला आणल्यावांचून दावा दाखल होत नसे. लवकरच ती दाखला मिळविण्याची एक पायरी होऊन बसली, आणि १९१२ सालीं ती रद्द झाली. सक्तीनें सलोखा होत नाहीं हें त्या वेळीं दिसून आलें. म्हणून आम्ही "भरूं द्यावी" म्हणतों, "भरवावीच" असें म्हणत नाहीं. दोन्ही पक्षांनीं लेखी मागितली तरच सुट्टीच्या दिवशीं बैठक व्हावी.

यावर आक्षेप येईल कीं रविवारची सुट्टी कष्टानें मिळालेली आहे. तें खरेंच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणीकामगारांची बाजू नेटानें लढविली तेव्हां १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांस रविवारची सुट्टी मिळाली. ती कारकुनाकडून काढून घ्या असें आम्ही, स्वतः कारकून राहिलेले, कसें म्हणूं? जो रविवारीं बसेल त्यास सोमवारीं किंवा मंगळवारीं सुट्टी द्यावी, आणि बसण्यास राजी असेल त्यासच बसवावें.

दुसरा आक्षेप याहून भारी आहे आणि तो फारसा कोणी घेत नाहीं. ९ सप्टेंबर २००५ पासून लेकींस वडिलोपार्जित मिळकतींत मुलांच्या बरोबरीनें जन्मतः हक्क मिळाला. तेव्हांपासून वाटपाच्या कागदावर बहिणींचीं नांवें असतात, आणि तेव्हांपासूनच हक्कसोडपत्रांस ऊत आला आहे. रविवारीं, भावाच्या घरीं, जेवणाच्या पंगतीनंतर, चार वडीलधारे जमवून "मध्यस्थी" झाली, तर माहेर तुटेल या भयानें बहीण सही करील. अशी मध्यस्थी वारास कोणताही असो, आम्हांस नको. बैठक शाळेंत, ग्रामपंचायतींत किंवा न्यायालयाच्या आवारांत व्हावी. मध्यस्थ शिकलेला व बाहेरचा असावा. आणि मसुदा वाचावयास घरीं देऊन सही पुढील बैठकीस घ्यावी. घाई असणारा याला कंटाळेल, कंटाळूं द्यावें.

प्रत्येक तालुका विधि सेवा समितीनें महिन्यांतील एक शनिवार व एक रविवार मध्यस्थीसाठीं राखावा, अशी आमची मागणी आहे. मुंबई उपनगरांत अंधेरी किंवा कुर्ला येथें त्याच दिवशीं एक खोली उघडी ठेवावी, म्हणजे गांवच्या बैठकीस येथील सहधारक दूरदृश्य यंत्रावरून हजर राहील व त्याची ओळख तेथेंच पटविली जाईल. वाटेच्या तंट्यांत तहसीलदारांनीं उभयतांच्या संमतीनें सुट्टीच्या दिवशीं स्थळपाहणी करावी. वाट पाहिल्याशिवाय वाटेचा निकाल कागदावर नीट होत नाहीं. ज्यांचा दावा न्यायालयांत पडून आहे त्यांनीं तो लोकअदालतींत ठेवण्याचा अर्ज करावा. तेथें तडजोड झाल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते, निवाड्यास हुकूमनाम्याचें बळ येतें आणि त्यावर अपील नसतें.

गांवाकडील शेतकऱ्यास मात्र रविवार हा रविवार नसतो. त्याची सवड बाजाराच्या वारीं किंवा सुगीनंतर. म्हणून या बैठकांची सुरुवात चैत्र-वैशाखांत करावी. रबी निघालेली असते, मृगास अवकाश असतो, बांध उघडे दिसतात, आणि जत्रेच्या निमित्तानें मुंबईकर गांवीं आलेला असतो. आमच्या वाचकांनीं आपापल्या तालुक्यास याप्रमाणें अर्ज माघ महिन्यांतच पाठवावे.