परडी आणि स्टिअरिंग

परोपकारी कामांसाठी निधी उभारण्याच्या ज्या रीती ब्रिटनमध्ये रुळल्या आहेत, त्यांतील एका रीतीत एखाद्या बंदिस्त मैदानावर एक दिवस केवळ स्त्रियांना बोलावले जाते आणि एरवी ज्यांच्या आसपासही त्या फिरकत नाहीत अशी वाहने, म्हणजे ट्रॅक्टर, मातीकामाचे यंत्र, अवजड ट्रक, अग्निशामक गाडी, क्वचित लष्करी रणगाडासुद्धा, जाणता चालक शेजारी बसवून त्यांच्या हाती दिली जातात. भाग घेणारी स्त्री आप्तेष्टांकडून व सहकाऱ्यांकडून आधीच देणगीचे वचन घेते, ठरलेले वाहन चालवून दाखवते आणि जमा झालेली रक्कम एखाद्या रुग्णालयाच्या किंवा कर्करोग्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या हवाली करते. या पद्धतीला 'प्रायोजित सहभाग' असे म्हणता येईल. दिवस मौजेचा असतो, आणि पैसा चांगल्या कामाला लागत असेल तर त्या मौजेला नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र असा दिवस धाराशिव जिल्ह्यातील येरमाळ्यासारख्या गावी भरवायचा झाला, तर त्यातील नवे काय आणि जुने काय याचा हिशेब पार उलटा निघतो.

येरमाळा हे कळंब तालुक्यातील गाव सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावर, बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले असून तेथील येडेश्वरी, म्हणजे भाविकांची येडाई, ही तुळजाभवानीची धाकटी बहीण मानली जाते. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत चुनखडी वेचण्याचा जो विधी होतो, त्यात लाखो माणसे रानात उतरून चुन्याचे खडे गोळा करतात व देवीला वाहतात, आणि त्यानंतर पालखी आमराईत मुक्कामाला जाते. यात्रेकरू पूर्वी बैलगाड्यांनी येत, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, टेम्पो, जीपगाड्या आणि एसटीच्या जादा गाड्यांनी येतात. या साऱ्या वाहनांत स्त्रिया दाटीवाटीने बसलेल्या असतात, आणि चाकामागे मात्र जवळजवळ सर्वत्र पुरुष असतो. ज्या देवीच्या दर्शनाला ही गर्दी लोटते, तिची मूळ शक्ती सिंहावर स्वार झालेली दाखवतात, याची आठवण त्या ट्रॉलीत कुणाला होत असेल असे वाटत नाही.

निधी मागण्याचा भाग या मुलखाला शिकवावा लागत नाही. हातात परडी आणि गळ्यात कवड्यांची माळ घेऊन देवीच्या नावाने दारोदारी धान्य वा पैसा मागणे, ज्याला जोगवा म्हणतात, ही तुळजापूर–येरमाळ्याच्या परिसरातील स्त्रियांची जुनी चाल आहे. नवस फेडण्यासाठी पाच घरे मागणारी सुखवस्तू घरची सूनही त्यात आढळते आणि आयुष्यभर आईची सेवा पत्करलेली आराधीणही. स्वतःसाठी मागितले तर ती भीक, आईसाठी मागितले तर तो जोगवा, हा भेद येथे सर्वमान्य असल्यामुळे स्त्रीने उंबरठा ओलांडून चारचौघांसमोर हात पसरण्याला लाज चिकटत नाही, उलट मान मिळतो. इंग्रज स्त्रीला शेजाऱ्यापाशी देणगीचा शब्द टाकताना जो संकोच होत असेल, तो परडीवालीला ठाऊकच नाही. तिला परके आहे ते स्टिअरिंग.

तेही मुळात तितके परके नव्हते, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. बैलांच्या पेरणीत तिफण हाकणारा पुरुष असला, तरी चाड्यावर मूठ धरणारी बहुधा बाई असे. चाडे म्हणजे तिफणीवर बसवलेले लाकडी भांडे, ज्यातून नळ्यांवाटे बी तासात पडते. मुठीतले दाणे बोटांच्या फटीतून किती वेगाने सोडायचे, बैल थबकले तर मूठ कशी आवळायची, धुऱ्यावर वळताना बी कसे वाया जाऊ द्यायचे नाही, हे सारे त्या स्त्रीच्या अंगवळणी पडलेले कसब होते आणि उगवणीची भिस्त त्यावर होती. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या पेरणीयंत्राने हे काम दातेरी चाकांवर सोपवले. सोयाबीन त्या पेटीतून नेमक्या अंतरावर पडू लागले, आणि हाकणारा पुरुष बैलांमागून उठून ट्रॅक्टरच्या आसनावर बसला. चाड्यावरच्या स्त्रीला मात्र त्या यंत्रावर कोठेच जागा उरली नाही, ती खुरपे घेऊन मागे निंदणीला गेली. यांत्रिकीकरणाने कष्ट हलके केले हे म्हणणे खरे असले, तरी कुणाचे केले हे विचारल्याशिवाय ते पुरे होत नाही.

ट्रॅक्टर चालवण्याला फार ताकद लागते ही समजूत जुन्या यंत्रांपुरती बरीचशी खरी होती. आता अनेक ट्रॅक्टरांना पॉवर स्टिअरिंग असते, म्हणजे चाके वळवण्याचा जोर तेलाच्या दाबाने यंत्रच पुरवते, आणि नांगर किंवा रोटाव्हेटर उचलण्याचे काम हायड्रोलिकची कांडी करते. त्यात शिकण्यासारखे आहे ते निराळेच. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांसाठी दोन स्वतंत्र ब्रेक असतात. शेतात जागच्या जागी वळायचे असेल तेव्हा एकच दाबून ते चाक रोखायचे, आणि रस्त्यावर येताना दोन्ही पेडल पट्टीने एकत्र अडकवून घ्यायचे, नाहीतर वेगात एकच ब्रेक दाबला जाऊन गाडी फिरते व उलटते. ही पट्टी अडकवण्याचा विसर पुरुष चालकांनाही पडतो. ज्या हाताने चाड्यावरचे बी मोजून सोडले, त्याला हे न जमण्याचे कारण शरीरात शोधणे व्यर्थ आहे.

कारण शोधायचे तर ते कागदपत्रांत शोधावे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील शेतजमिनीच्या वहिवाटखात्यांपैकी सुमारे १४ टक्केच स्त्रियांकडे होती. दुसऱ्या बाजूने, कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानात महिला शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या किमतीच्या ५० टक्के, कमाल सव्वा लाख रुपये, अनुदान मिळते आणि अल्प-अत्यल्प भूधारक वा अनुसूचित जाती-जमातींत न मोडणाऱ्या पुरुषाला ४० टक्के, कमाल एक लाख. हा फरक स्त्रीच्या हाती यंत्र यावे म्हणून ठेवलेला असला, तरी घराघरांतून त्याचा जो अर्थ लावला जातो तो सरळ आहे: अर्ज बायकोच्या नावाने भरायचा आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. शासनाची 'नमो ड्रोन दीदी' ही योजना १५,००० महिला बचतगटांना फवारणीचे ड्रोन देऊ पाहते, त्यामुळे ट्रॅक्टरच्या आसनाआधी बाई आकाशात पोहोचण्याचा योग यायचा.

परवान्याच्या बाबतीत कायदा समाजापेक्षा उदार आहे, हे फारसे कुणी ध्यानात घेत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील 'हलके मोटार वाहन' या संज्ञेत मोटारीबरोबरच रिकामे वजन ७,५०० किलोपर्यंत असलेला ट्रॅक्टर आणि रोड रोलरदेखील येतात. म्हणजे धाराशिवच्या परिवहन कार्यालयातून मोटारीचा परवाना काढलेली शिक्षिका, तिला तशी हौस असेल तर, त्या वजनाचा रोलर डांबरावरून फिरवण्यास त्या संज्ञेनुसार पात्र ठरते. बस वा ट्रकसारख्या परिवहन वाहनाचे शिकाऊ अनुज्ञापत्र हवे असेल तर मात्र हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर आधी हाती असावा लागतो. अवजड वाहनांकडे जाणारी वाट अशी पायरीपायरीची असल्याने जिला पहिली पायरीच कुणी चढू दिली नाही, तिला पुढच्या पायऱ्यांविषयी बोलून उपयोग नसतो.

या पायऱ्या चढलेल्या स्त्रिया महाराष्ट्रात आहेत. साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेच्या इंजिनात शिरल्या त्या १९८० च्या दशकात, आणि देशातील पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांची नोंद झाली. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून डेक्कन क्वीन घाट उतरवून मुंबईस नेली, आणि १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून वंदे भारत गाडी मुंबईला पोहोचवली. ते सोलापूर येरमाळ्यातून जाणाऱ्या महामार्गाच्याच एका टोकाला आहे. तमिळनाडूत वसंतकुमारी १९९३ मध्ये सरकारी बसच्या चालक झाल्या. महाराष्ट्राच्या एसटीला त्यानंतर तीन दशके लागली: २०१९ च्या भरतीत महिलांसाठी उंचीची अट शिथिल करून उमेदवार निवडण्यात आल्या, प्रशिक्षण रेंगाळले, आणि २०२३ मध्ये महिला चालक प्रत्यक्ष प्रवासी घेऊन रस्त्यावर आल्या, ज्यांत सासवड–नीरा मार्गावर गाडी नेणाऱ्या अर्चना अत्राम यांचे नाव गाजले. त्याच वर्षी १७ मार्चपासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. सवलतीची बातमी गावोगाव पोहोचली. चालकाची तितकी पोहोचली नाही.

गिरगावच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर निघणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे दरवर्षी छापून येतात. दृश्य देखणे असते आणि त्यातील रुबाब खोटा नसतो, पण कॅमेरा मिटला की त्याचे काम संपते. येरमाळ्यात दिवस भरवायचा तर त्याची घडण वेगळी हवी. जागा कुंपणाच्या आतील शेत किंवा खासगी मैदान असावी, कारण परवान्याची अट कायद्याने सार्वजनिक जागेला, म्हणजे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेल्या जागेला लागू केली आहे. काळ उन्हाळ्याचा, पेरणीपूर्वीचा असावा, जेव्हा ट्रॅक्टरला थोडी उसंत असते. संघटनेची अडचण पडू नये. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर–धाराशिव भागात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' यांसारख्या संस्थांनी बांधलेल्या महिला गटांनी घरबांधणीपासून शेतीपर्यंतचे व्यवहार हाताळलेले आहेत. आणि जमलेला पैसा दूरच्या संस्थेला पाठवण्याऐवजी भाग घेणाऱ्यांच्याच शिकाऊ परवान्यांच्या शुल्काला आणि सरावाच्या डिझेलला लावावा. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, पक्क्या परवान्याची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते आणि परीक्षेला वाहन स्वतःच न्यावे लागते; ते न मिळाल्याने मुदत उलटून जाणे ही स्त्रियांच्या बाबतीत सहज घडणारी गोष्ट आहे.

उरतो तो ट्रॅक्टर कोण देणार हा प्रश्न, आणि तो वाटतो त्याहून अवघड आहे, कारण नवशिक्याच्या पायाखाली क्लच प्लेट जळते हे सांगायला गावातील प्रत्येक मालक तयारच असतो. त्या मालकांशी बोलणी करण्याआधी गटातील बायकांनी आपापल्या घरातील आरसी बुके एकदा उघडून पाहावीत. एमएच २५ च्या त्या कागदांवर मालक म्हणून कुणाचे नाव आहे, यावर परवानगी कुणी कुणाकडे मागायची ते ठरेल.