पाचारण

‘पाचारण’ हा शब्द तुम्ही शेवटचा कुठे वाचला? बहुतेक पेपरात. आग लागली की अग्निशमन दलाला पाचारण होतं, दंगल झाली की राखीव पोलिसांना. मराठी ख्रिश्चनांच्या बोलण्यात मात्र हा शब्द वेगळ्याच अर्थानं येतो. देवानं एखाद्याला विशिष्ट कामासाठी हाक मारणं म्हणजे पाचारण. इंग्लिशमध्ये व्होकेशन. आपल्या ऑफिसात हा शब्द कुणी वापरत नाही. आपल्याकडे प्रोफाइल असतं, पॅकेज असतं आणि दोन-तीन वर्षं झाली की स्विच मारायचा असतो.

म्हणूनच या आठवड्यात पुण्यातल्या एका घराची गोष्ट. शिवाजीनगरचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम. तिथं वेगवेगळ्या काळात राहिलेल्या माणसांचं करिअर बघितलं ना, तर एचआरवाल्यांना घाम फुटेल!

सुरुवात 1922 सालची. जॅक विन्स्लो नावाच्या इंग्लिश धर्मगुरूनं अहमदनगरला (म्हणजे आताच्या अहिल्यानगरला) ख्रिस्त सेवा संघ काढला. राज्य साहेबाचं, आणि हा साहेब खादी घालून, जमिनीवर मांडी ठोकून, भारतीय सोबत्यांच्या पंगतीला शाकाहारी जेवतोय. त्या काळात हे भलतंच होतं. विन्स्लोवर प्रभाव होता आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचा. हो, तेच, शाळेत ज्यांच्या कविता पाठ केल्या ते. टिळकांनी 1917 मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही. दोनच वर्षांत, 1919 मध्ये, टिळक गेले. पण कल्पना शिल्लक राहिली.

काही वर्षांनी विन्स्लोचा संघ पुण्यात आला. 1927 मध्ये त्यात ऑक्सफर्डचा एक हुशार पोरगा दाखल झाला. व्हेरियर एल्विन. वडील बिशप, म्हणजे घरचीच लाइन. पुढच्याच वर्षी तो साबरमतीला गेला, गांधीजींना भेटला आणि पार बदलला. 1932 मध्ये आश्रमातल्याच शामराव हिवाळे या मराठी तरुणाला सोबत घेऊन तो मंडला जिल्ह्यात गोंडांच्या वस्तीत राहायला गेला. पुढे तो चर्चपासूनही दूर गेला, मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गाजला, 1954 मध्ये भारताचा नागरिक झाला, 1961 मध्ये पद्मभूषण मिळालं. शामरावांचं नाव मात्र आज किती जणांना ठाऊक आहे? पाचारण दोघांना आलं होतं, प्रसिद्धी एकालाच आली.

संघातही सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं. संसार करणाऱ्यांनी यात राहायचं की आजन्म ब्रह्मचर्य घेणाऱ्यांनीच, हा प्रश्न इतका ताणला गेला की 1934 मध्ये चक्क दोन संघ झाले. ब्रह्मचारी ब्रदर्सच्या संघाच्या नावात तेव्हा ‘प्रेम’ हा शब्द आला. गंमत बघा, प्रेम हे नाव लग्न न करणाऱ्यांकडे गेलं!

मला सगळ्यात भारी वाटतो तो पुढचा टप्पा. 1972 मध्ये हा आश्रम पुन्हा जागा झाला आणि या वेळी सिस्टर्सनी तो चालवला. काही अँग्लिकन, काही कॅथॉलिक. दोन चर्च, ज्यांचं चारशे वर्षं फाटलेलं, त्यांच्या बायका एका स्वयंपाकघरात. कॅथॉलिकांमध्ये गुल ढल्ला होत्या, पारशी घरात जन्मलेल्या, पुढे वंदना माताजी म्हणून ओळखल्या गेलेल्या. त्या नंतर हृषीकेशच्या बाजूला गेल्या. दुसऱ्या सारा ग्रँट, मूळच्या स्कॉटलंडच्या, मुंबईच्या सोफिया कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या, शंकराचार्यांवर अभ्यास केलेल्या. त्या पुण्यात राहिल्या, आश्रमाच्या आचार्य झाल्या. एकीचं पाचारण निघण्यात होतं, दुसरीचं टिकण्यात.

आणि तरीही एक भिंत उरलीच. प्रार्थना एकत्र, जेवण एकत्र. पण कॅथॉलिक नियमानुसार प्रभुभोजनाची भाकर एरवी दुसऱ्या चर्चच्या माणसाला देता येत नाही. ज्यांच्याबरोबर रोज भांडी घासायची, त्यांच्याबरोबर नेमका हाच एक घास खायचा नाही. फ्रान्समधल्या तेझे या गावी 1949 मध्ये सात ब्रदर्सनी आयुष्यभराची शपथ घेतली, तिथंही हाच सल होता. सोपं उत्तर मिळालं नाही म्हणून ही माणसं उठून गेली नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण सोमवारी सकाळी माझं काय? तर ऐका. चर्च कुणालाही एका रात्रीत शपथ देत नाही. कॅथॉलिक नियमात आधी किमान एक वर्ष उमेदवारी, मग किमान तीन वर्षं तात्पुरती शपथ आणि त्यानंतर कायमची. तोवर दोन्ही बाजूंना ‘नाही जमत’ म्हणायची मोकळीक. आपलं सहा महिन्यांचं प्रोबेशन त्यापुढे किस झाड की पत्ती!

मी नायगावची, नांदेड जिल्ह्यातली. फ्रीलान्स करते. घरून फोन आला की पहिला प्रश्न असतो, “पर्मनंट कधी होणार?” आमच्याकडे सेवा कुणाला समजावून सांगावी लागत नाही. नांदेडच्या गुरुद्वारात लंगरमध्ये पोळ्या लाटणारे हात सगळ्यांनी पाहिलेत, माळ घातलेला वारकरी तर गल्लीतच असतो. पण सेवा म्हणजे रिटायर झाल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी, असं गणित पक्कं आहे. पंचविशीतल्या पोरानं त्यासाठी नोकरी सोडली की घरात सुतक. आईबाबांची भीती खोटी नाही. टिळकांनी पगार सोडला तेव्हाही घर चालवायचं होतंच की.

हल्ली सगळे सांगतात, पॅशन फॉलो करा. मला वाटतं, पॅशन म्हणजे मला काय आवडतं एवढंच. पाचारणात हाक मारणारा दुसरा कुणीतरी लागतो. तुम्ही त्याला देव म्हणा, गोंडांची वस्ती म्हणा, नाहीतर गावाकडची एक बंद पडत चाललेली शाळा. देव मानत नसाल तरी प्रश्न तोच राहतो. पुढच्या अप्रेझलच्या फॉर्मवर ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता’ हा रकाना येईल. तिथं हवं ते लिहा. पण तुम्हाला नेमकं कोण हाक मारतंय, हे एकदा फोन सायलेंटवर टाकून ऐकून बघा.