गाव इस्रायलला गेलं, रेचल मागे राहिली : रायगडच्या किनाऱ्यावरची ही कादंबरी आज पुन्हा का आठवते?

अलिबागला गेलं की किल्ला होतो, बीच होतो, सुरमईची थाळी होते. इस्रायल आळीत मात्र फारसं कुणी डोकावत नाही. तिथं मागेन अबोथ नावाचं सिनेगॉग आहे, १८४८ सालचं. जुनी माणसं सिनेगॉगला सरळ ‘मशीद’ म्हणायची. मुंबईतल्या मशीद बंदरचं नावसुद्धा तिथल्या एका सिनेगॉगवरून पडलं, असं सांगतात.

ही आळी बेने इस्रायल लोकांची. त्यांची कथा अशी की, फार पूर्वी नवगावजवळ एक जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या. त्यांच्या वंशजांनी किनाऱ्यावर तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं नाव दिलं ‘शनिवार तेली’. घरात बोली मराठी, आडनावं केहिमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर.

१९४८ साली इस्रायल देश झाला आणि गावं रिकामी व्हायला लागली. एस्थर डेव्हिड यांची ‘बुक ऑफ रेचल’ ही इंग्रजी कादंबरी इथून पुढची गोष्ट सांगते. २००६ साली आलेल्या या कादंबरीला २०१० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखिका अहमदाबादच्या, स्वतः बेने इस्रायल. कादंबरीतली रेचल विधवा आहे, अलिबागजवळच्या दांडा गावात एकटी राहते. मुलं इस्रायलला गेलेली. गावातलं सिनेगॉग ती झाडते, पुसते, सांभाळते. एक दिवस कमिटीतलाच माणूस सिनेगॉग आणि त्याची जमीन विकायला काढतो. रेचल एका तरुण वकिलाला गाठते आणि उभी राहते.

यातली गंमत बघा. ज्यूंच्या परंपरेत सामूहिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात. त्या दहात बाईची मोजदाद नाही. म्हणजे जिच्यामुळे ती वास्तू टिकून आहे, तीच या हिशेबात नाही!

आता वंशाचा मुद्दा. तिकडे गेलेल्यांना सगळं सुखाचं मिळालं का? नाही. कातडीच्या रंगावरून भेदभाव होतो, अशा तक्रारी सुरुवातीलाच झाल्या. काही जण १९५२ साली भारतात परतलेसुद्धा. पुढे १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं : बेने इस्रायल व्यक्तीचं लग्न इतर ज्यूंशी लावायचं असेल, तर आधी तिचे पूर्वज तपासा. शेकडो वर्षं शनिवार पाळलेल्यांना ‘तुम्ही नक्की ज्यू ना?’ असं विचारलं गेलं. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये धरणं धरलं. १९६४ साली धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. पण अशा चाळण्या फक्त तिकडेच होत्या असं नाही. इथं समाजातच ‘गोरा इस्रायल’ आणि ‘काळा इस्रायल’ असा भेद होता. बाहेरच्या बाईशी लग्न झालेल्यांची मुलं ‘काळा’त. २०१६ साली जनुकांचा एक अभ्यास आला. त्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे सापडले.

एस्थर डेव्हिड रक्ताच्या या भानगडीत फारशा पडत नाहीत. त्या सरळ स्वयंपाकघरात जातात. कादंबरीचं प्रत्येक प्रकरण एका पाककृतीनं सुरू होतं. आधी ते थोडं सजावटीसारखं वाटतं, पण नीट बघा. ज्यू नियमाप्रमाणे मांस आणि दूध एकत्र चालत नाही. दुसऱ्या देशात हा नियम पाळणं त्रासाचं, पण कोकणात दारातच माड! रस्सा नारळाच्या दुधात होतो, नियमही पाळला जातो आणि चव शेजाऱ्यांसारखीच राहते. एलियाहू हन्नबीच्या नावानं मलिदा होतो, तो गोड पोहे आणि ओल्या खोबऱ्याचा. यातलं ज्यू किती आणि कोकणी किती, हे वेगळं काढता येत नाही. पूर्वज तपासणाऱ्या फर्मानाला याहून चांगलं उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

मग ही कादंबरी आज का आठवते? जमिनीमुळे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि मुंबईहून अलिबाग आणखी जवळ आलं. बंगले, व्हिला, प्लॉट यांच्या जाहिराती तुमच्याही फीडमध्ये येत असतीलच. महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, हे चांगलंच झालं. पण ज्या गावात समाजाचं एकही घर उरलेलं नाही, तिथल्या दफनभूमीला कुंपण कोण घालणार? सातबारा कोण तपासणार? हा प्रश्न एकट्या ज्यूंचा नाही. गावाकडचं घर बंद करून ठाणे-डोंबिवलीला आलेल्या कुठल्याही कोकणी माणसाला तो नीट कळेल. त्यानंही किल्ली शेजारच्या एखाद्या काकूकडेच ठेवलेली असते.