गणवेशाचे वेळापत्रक

पनवेलमध्ये नवे शैक्षणिक वर्ष दोनदा सुरू होते. खारघर, कामोठे, नवीन पनवेल या भागांतल्या सीबीएसई शाळांचे वर्ग एप्रिलच्या आरंभी भरू लागतात. राज्य मंडळाच्या, महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांची घंटा जूनच्या मध्यावर वाजते. दोन्ही वेळा गणवेशाच्या दुकानांत तीच गर्दी आणि तीच उत्तरे: अठ्ठावीस नंबर संपला, ट्युनिक पुढच्या आठवड्यात येईल, हाऊसचे टी-शर्ट अजून छापून आलेले नाहीत. पालक अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेला असतो. त्याच्या मोबाइलमध्ये शाळेचा संदेश असतो, ‘सोमवारपासून पूर्ण गणवेश अनिवार्य’, आणि तो संदेश आलेला असतो शुक्रवारी संध्याकाळी.

दर वर्षी या प्रसंगात दोष पालकांच्या माथी मारला जातो. आधी का नाही घेतला, असे त्यांना विचारले जाते. शाळा चालवणाऱ्यांनी हा प्रश्न आधी स्वतःला विचारायला हवा. कापड कोणते, रंग कोणता, बोधचिन्ह खिशावर की बाहीवर, हे शाळेने पालकांना नेमके कधी कळवले? गणवेशाच्या किमतीवर पालकसभांतून पुष्कळ चर्चा होते, सूचनेच्या तारखेवर मात्र होत नाही. वास्तविक तारीख हा किमतीचाच भाग आहे. महिनाभर हातात असेल तर पालक चार दुकाने हिंडतो, थोरल्याचा शर्ट धाकट्याला होतो का पाहतो, ओळखीच्या शिंप्याकडे कापड टाकतो, पगाराची वाट पाहतो. दोनच दिवस असतील तर समोरचे दुकान जे मागेल ते देऊन तो बाहेर पडतो.

एवढी मोठी यंत्रणा हाताशी असलेल्या राज्य सरकारलाही हे चुकवता आलेले नाही. मे 2023 मध्ये तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी ‘एक राज्य, एक गणवेश’ धोरण जाहीर केले, तेव्हा शाळा उघडायला तीन आठवडे उरले होते. अनेक शाळा व्यवस्थापन समित्यांनी त्याआधीच आपापल्या रंगाच्या कापडाची मागणी नोंदवली होती. मग तोडगा निघाला तो असा, की आठवड्यातले तीन दिवस शाळेने ठरवलेला गणवेश आणि तीन दिवस राज्याने ठरवलेला. हेतू वाईट नव्हता. पूर्वी मोफत गणवेश मिळे तो सर्व मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालील मुलांना. बाकीची मुले त्याच वर्गात बसून पाहत राहत. त्याच वर्षी सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या सगळ्याच मुलांना गणवेश देण्याचा निर्णय झाला, एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोज्यांसाठी विद्यार्थ्यामागे 170 रुपये मंजूर झाले. एकाच बाकावरच्या दोन मुलांतला भेद त्याने मिटला, आणि ही गोष्ट लहान नाही.

पुढच्या वर्षी, 2024-25 मध्ये, कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली. एका नियमित गणवेशाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे गेली. दुसऱ्या, स्काऊट-गाईडच्या गणवेशाचे कापड शाळांकडे येणार आणि तो स्थानिक पातळीवर शिवून घ्यायचा, असे ठरले. त्यासाठी समितीला मिळणार होते 110 रुपये: शिलाईचे 100 आणि अनुषंगिक खर्चाचे 10. शर्ट आणि पॅण्ट मिळून शंभर रुपयांत शिवून देणारा शिंपी कोणत्या बाजारात मिळतो, हे मुख्याध्यापकांना विचारले असते तर त्यांनी त्याच दिवशी सांगितले असते. सुमारे 45 लाख मुलांचा हा प्रश्न होता. 15 ऑगस्टच्या झेंडावंदनाला राज्यातली असंख्य मुले जुन्या गणवेशात किंवा घरच्या कपड्यांत उभी होती. जिथे गणवेश पोहोचले तिथे मापाच्या तक्रारी आल्या. अखेर डिसेंबर 2024 मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला.

या प्रकरणातून केंद्रीकरण वाईट आणि विकेंद्रीकरण चांगले एवढाच निष्कर्ष काढून थांबणे पुरेसे नाही. अधिकार समितीकडे आला म्हणजे जबाबदारीही आली. कापड विणले जाते, रंगते, थानांतून निघून कापले जाते, शिवले जाते, काज-बटण होते, गठ्ठे बांधले जातात. यातली एकही पायरी सरकारी परिपत्रकाने किंवा संस्थाचालकांच्या आग्रहाने लहान होत नाही.

राज्यातल्या गणवेश-उद्योगाचे मोठे केंद्र सोलापूर आहे. तिथल्या रेडिमेड कापड उत्पादकांनी गणवेशाचे पहिले मोठे प्रदर्शन भरवले ते जानेवारी 2017 मध्ये. महिना कोणता हे पाहण्यासारखे आहे. जूनमध्ये मुलाच्या अंगावर चढणाऱ्या कपड्याचे सौदे या धंद्यात हिवाळ्यात होतात. मार्चनंतर मागणी नोंदवणाऱ्या शाळेला मग हवा तो रंग मिळत नाही, मिळेल तो घ्यावा लागतो. एप्रिल-मे हा लग्नसराईचा हंगाम. तेव्हा पनवेलच काय, कुठल्याही गावातल्या शिंप्याकडे ब्लाउज आणि सूट यांचा ढीग पडलेला असतो. मुंबई परिसरातले कितीतरी कारागीर मे महिन्यात आपापल्या मुलुखात जातात. म्हणजे शाळेची निकड सर्वांत जास्त असते तेव्हाच मशीनवर बसणारे हात सर्वांत कमी असतात.

समजा, एका शाळेत बाराशे मुले आहेत. प्रत्येकी दोन जोड म्हटले तर चोवीसशे शर्ट आणि तितक्याच पॅण्ट, स्कर्ट किंवा ट्युनिक. पंचवीस शिवणारे असले आणि प्रत्येकाने दिवसाला सहा नग उतरवले, तरी निव्वळ शिलाईला बत्तीस दिवस लागतात. त्यात माप घेणे, कापड येणे आणि दुरुस्तीला परत जाणे धरलेले नाही. मेच्या अखेरीस कापड हाती आले तर जूनच्या मध्याला सगळी मुले गणवेशात दिसणार नाहीत, हे कागदावरच ठरलेले असते.

कोकणात याला पावसाची जोड आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा शाळा उघडल्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत. जुलैमध्ये धुतलेली पॅण्ट एका रात्रीत वाळत नाही. दोन खोल्यांच्या घरात दोरीवर लोंबकळणारे कपडे पंख्याखाली तीन दिवस दमट राहतात. दुसरा जोड ‘ऑगस्टमध्ये येईल’ असे शाळा सहज सांगते तेव्हा सगळा पावसाळा त्या मुलाने एका जोडावर काढायचा असतो. ओल्या कपड्यात बसायचे, घरचा शर्ट घालून बोलणी खायची, की घरी राहायचे? गैरहजेरीच्या नोंदीत यातले कारण कुठेच लिहिले जात नाही.

तालुक्याच्या पूर्वेला, डोंगराच्या कडेने असलेल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबे पावसाच्या तोंडावर परत येतात. मार्चमध्ये माप घेतले गेले तेव्हा ही मुले वर्गात नव्हती. मापाच्या यादीत नाव नाही म्हणून गणवेश नाही, आणि गणवेश नाही म्हणून पहिल्या दिवसाच्या स्वागताच्या फोटोत मागे उभे राहायचे. मालडुंगे-धोदाणीच्या पट्ट्यातला शिक्षक हे ओळखून असतो. तो अंदाजाने दोन-तीन मापांचे काही जोड जास्तीचे मागवतो आणि वाढत्या अंगाचे मागवतो. त्या जास्तीच्या जोडांना मंजुरी देताना वरच्या कार्यालयाने पटसंख्येचा हिशेब पुढे करू नये.

ही झाली मोफत गणवेशाची बाजू. पनवेलसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या शहरात मुलांचा मोठा भाग खासगी शाळांत आहे, आणि तिथे खर्च पूर्णपणे पालकांचा. ऑक्टोबर 2016 मध्ये महापालिका झालेल्या या शहरात दर वर्षी बदली होऊन, घर घेऊन नवी कुटुंबे येतात. त्यांचे प्रवेश मे-जूनपर्यंत चालूच असतात. शहर नवे, ओळखीचा शिंपी नाही, थोरल्या भावंडाचा जुना गणवेश दुसऱ्या शाळेचा. उशिरा आलेली सूचना या पालकांना सर्वांत महाग पडते.

नियमांची वानवा नाही. विशिष्ट दुकानातूनच वह्या-पुस्तके आणि गणवेश घेण्याची सक्ती करू नये, असे सीबीएसईने एप्रिल 2017 मध्ये संलग्न शाळांना बजावले. उत्तर प्रदेशने 2018 च्या शुल्क-नियमन कायद्यात गणवेश सलग पाच शैक्षणिक वर्षे बदलू नये अशी तरतूद केली. दिल्ली सरकारने 2022 मध्ये खासगी शाळांना सांगितले, की गणवेशाचा रंग आणि रचना किमान तीन वर्षे बदलायची नाही आणि जवळपासच्या किमान पाच दुकानांची यादी शाळेने प्रसिद्ध करायची. इंग्लंडमध्ये तर 2021 मध्ये फक्त गणवेशाच्या खर्चासाठी स्वतंत्र कायदा झाला. वापरलेले गणवेश पालकांना मिळण्याची सोय शाळेने ठेवावी, असे त्याखालच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. या सगळ्यांत दुकान आले, रंग आला, किंमत आली. सूचना किती आधी द्यायची हे मात्र बहुतेक शाळेच्या मर्जीवर राहते, आणि म्हणूनच ते शाळेने स्वतःहून बांधून घ्यायला हवे.

मुख्य गणवेशापेक्षाही पालकांचा जास्त जीव जातो तो वर्षभराच्या फुटकळ मागण्यांत. शाळा सुरू होऊन आठवडा होत नाही तोच 21 जूनचा योग दिन येतो: पांढरा टी-शर्ट, काळी ट्रॅक पॅण्ट. मग आषाढी एकादशीची दिंडी. मुलांना धोतर-सदरा आणि टोपी, मुलींना नऊवारी, डोक्यावर तुळशीवृंदावन. त्यानंतर पिवळा दिवस, हिरवा दिवस, स्वातंत्र्यदिनाला पांढरा कुर्ता, शिक्षकदिनाला साडी, हिवाळ्यात क्रीडा महोत्सव, आणि शेवटी स्नेहसंमेलन. त्या दिवशीच्या नाचाचा पोशाख भाड्याने आणायचा आणि अनामत रक्कमही भरायची.

दिंडीत सजून निघालेली मुले पाहून कोणाला आनंद होत नाही? तो आनंद टिकायला हवा म्हणूनच हे सांगणे आहे. योग दिन दर वर्षी 21 जूनलाच असतो. आषाढी पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. तरीही त्याची सूचना आदल्या रात्री वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर येते, आणि नोकरीवरून परतलेली आई रात्री नऊ वाजता उघडे दुकान शोधत फिरते. वर्गशिक्षिकेलाही ती सूचना त्याच संध्याकाळी वरून आलेली असते. तिचा दोष नाही. ही दिरंगाई नियोजनाच्या टेबलावरची आहे आणि तिची दुरुस्ती तिथेच व्हावी लागेल.

गणवेश नसलेल्या मुलाचे काय करायचे, याबाबत कोणत्याही शाळेत संदिग्धता नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. प्रार्थनेच्या वेळी वेगळ्या रांगेत उभे करणे, वहीत लाल शेरा मारून सही आणायला लावणे, वर्गाबाहेर थांबवणे या गोष्टी शिस्तीच्या नावाखाली आजही होतात. आठ वर्षांचे मूल बाजारात जाऊन गणवेश आणत नाही. त्याच्या अंगावर काय नाही याचा जाब विचारायचाच असेल तर तो मोठ्या माणसांना विचारावा, आणि तोही बंद दाराआड.

येत्या जानेवारीत शाळा व्यवस्थापन समितीची किंवा पालक-शिक्षक संघाची जी बैठक होईल, तिच्या विषयपत्रिकेवर गणवेश हा पहिला विषय ठेवावा, असा या मासिकाचा मुख्याध्यापकांना आग्रह आहे. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. घरातला कपडा कसा टिकतो, कितीदा उसवतो, कुठे आटतो, हे त्यांना कोणत्याही पुरवठादारापेक्षा चांगले कळते. कापडाचा तुकडा त्यांच्या हाती द्यावा, भिजवून आणायला सांगावा. बदल करायचा असेल तर तो पुढच्या वर्षी नवीन दाखल होणाऱ्या वर्गापासून करावा आणि जुन्या वर्गांना जुना गणवेश फाटेपर्यंत घालू द्यावा. दोन रंगांची मुले एका प्रार्थनेला उभी राहिली तर शाळेचे काही बिघडत नाही. बोधचिन्ह वेगळे, शिवून लावता येईल असे द्यावे, म्हणजे साधा शर्ट कुठूनही घेता येईल. वर्षभरात लागणाऱ्या सगळ्या पोशाखांची एकच यादी प्रवेशाच्या पानाबरोबर जावी, आणि जे त्या यादीत नाही ते वर्षभर मागायचे नाही.

मोफत गणवेशाचा निधी केव्हा येतो यावर सरकारी शाळांचा ताबा नाही, ही अडचण खरी आहे. दोन गणवेशांचे मिळून 600 रुपये हा समग्र शिक्षा योजनेचा दर कित्येक वर्षे बाजारभावाच्या मागे राहिला आहे, आणि पैसे उशिरा आले की मुख्याध्यापक स्वतःच्या शब्दावर दुकानदाराकडून उधारीने कापड उचलतात. त्यामुळे निधी शाळा उघडण्याआधी तीन महिने, म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत, समितीच्या खात्यात जमा व्हावा ही मागणी मुख्याध्यापकांच्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. दरवाढीच्या मागणीइतकीच ती महत्त्वाची आहे.

जुन्या गणवेशांचे कपाट मात्र निधीशिवाय सुरू करता येते. चौथी आणि सातवी-आठवीतून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या पालकांना निकालाच्या दिवशीच सांगावे, की चांगल्या स्थितीतला गणवेश धुऊन आणून द्या. मापाप्रमाणे लावून ते कपाट जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सर्व पालकांसाठी उघडे ठेवावे, गरीब-श्रीमंत असा भेद न करता आणि नाव न नोंदवता. किल्ली कार्यालयात न ठेवता समितीतल्या दोन आयांकडे द्यावी, म्हणजे शर्ट हवा असणाऱ्या पालकाला अर्ज लिहावा लागणार नाही.