खरी नोंद

वहीत एखादी नोंद खोटी लिहिली तर कोणाचे काय बिघडते, असे तुम्हांला वाटते का? मग रानपिंगळ्याची हकिकत वाचा.

रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातील लहान पक्षी. तो मध्य भारतातील पानगळीच्या जंगलात, विशेषतः सागाच्या रानात राहतो. सरडे, उंदीर व मोठे किडे खातो. झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. गावातला पिंगळा बहुधा दिवस मावळल्यावर बाहेर पडतो. रानपिंगळा दिवसाही शिकार करतो.

शास्त्रज्ञांना तो प्रथम १८७२ साली मिळाला. १८८४ नंतर मात्र तो दिसेनासा झाला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक जतन केलेला नमुना होता. तो १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे मिळाला, असे त्यावरील चिठ्ठीत लिहिले होते. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. थोर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली १९८७ मध्ये वारले, तोपर्यंत हा पक्षी पुन्हा सापडला नव्हता.

पुढे पामेला रासमुसेन या संशोधिकेने तो नमुना बारकाईने तपासला. तो खानदेशात १८८० नंतरच्या काही वर्षांत मिळालेला होता. ब्रिटिश संग्रहालयातून चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती! मग त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी!

माझ्या मते, निसर्गाच्या अभ्यासात हुशारीपेक्षा खरेपणा मोठा आहे. पक्षी कोठे राहतो हे ठाऊक असेल, तरच त्याचे रान राखता येते. रानपिंगळा आजही संकटात आहे. खोट्या नोंदीवर भरवसा ठेवला, तर राखायचे रान एकीकडे आणि पक्षी दुसरीकडे, असे होईल.

कोणी म्हणेल, चूक तर सर्वांचीच होते. खरे आहे, पण चूक होणे वेगळे आणि जाणूनबुजून खोटे लिहिणे वेगळे. शेजाऱ्याच्या प्रयोगवहीतील आकडे उतरवणे हे दुसऱ्या प्रकारात मोडते.

आपल्या जिल्ह्यात येडशी-रामलिंग घाट अभयारण्य आहे. तेथे जाल तेव्हा वही न्या. तारीख, वेळ, जागा आणि पाहिले तेवढेच लिहा. पक्षी ओळखता आला नाही, तर 'ओळखता आला नाही' असेच लिहा. तीसुद्धा खरी नोंद आहे.

उर्दूतील 'अमानत' हा शब्द मराठीत 'अनामत' झाला आहे. नोंद ही पुढच्या पिढीची अमानत आहे. ती जशीच्या तशी त्यांच्या हाती द्या.