फुकटचं सॉफ्टवेअर चाकणच्या कारखान्याला पुरेल का? नेटवर्कवर नजर ठेवण्याचा खरा हिशोब

चाकणमधल्या एखाद्या छोट्या पुरवठादाराचा सर्व्हर बंद पडला, तर मोठ्या कार कंपनीचं काय बिघडतं? याचं उत्तर जपानने दिलं आहे. १ मार्च २०२२ रोजी टोयोटाने तिथले १४ कारखाने, म्हणजे २८ असेंब्ली लाइन, एक दिवस बंद ठेवल्या. सायबर हल्ला झाला होता तो कोजिमा इंडस्ट्रीज या सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीवर. पण भाग वेळेवर येणार की नाही हेच कळेना, म्हणून टोयोटाची लाइन थांबली आणि सुमारे १३ हजार गाड्यांचं उत्पादन लांबलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये उलटं घडलं. टाटा समूहाच्या जॅग्वार लँड रोव्हरवर हल्ला झाला, उत्पादन महिनाभराहून जास्त काळ ठप्प झालं आणि त्याची झळ ब्रिटनमधल्या पाच हजारांहून जास्त संस्थांना बसल्याचा अंदाज तिथल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने मांडला. आणि आपल्याकडे? फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर हल्ला झाला. त्याची तक्रार मार्चमध्ये निगडी पोलिसांत नोंदवली गेली.

चाकणमध्ये महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, बजाज अशी मोठी नावं आहेत. त्यांच्याभोवती भोसरी, तळवडे, चाकण, तळेगाव भागात शेकडो पुरवठादार आहेत. अशा कंपनीत डिप्लोमा करून आयटीचं काम बघणाऱ्या पोराला कधीतरी हे ऐकायला मिळतंच : "अरे, नेटवर्कवर लक्ष ठेवणारं ते फुकटचं सॉफ्टवेअर असतं ना, तेवढं टाकून दे." टाकता येतं, दुपारभरात होतं. पण ते कंपनीच्या गरजा पूर्ण करतं का, हे कसं ठरवायचं?

हे सॉफ्टवेअर नेमकं करतं काय?

नेटवर्क मॉनिटरिंग म्हणजे दर मिनिटाला प्रत्येक यंत्राची हजेरी घेणं. राउटर चालू आहे का? स्विचच्या कुठल्या पोर्टवर किती डेटा जातोय? सर्व्हरची डिस्क किती भरली? ही चौकशी बहुतेक वेळा एसएनएमपी नावाच्या जुन्या, सर्वमान्य पद्धतीने होते. उत्तर आलं नाही किंवा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, की तुमच्या फोनवर अलर्ट येतो.

ओपन सोर्समध्ये पर्याय भरपूर आहेत. लॅटव्हियात जन्मलेलं झॅबिक्स, १९९९ पासून चालत आलेलं नागिओस, स्विच-राउटरसाठी सोपं असलेलं लिब्रेएनएमएस, आणि क्लाउडवाल्यांचं आवडतं प्रोमिथियस व ग्राफाना. पेड सॉफ्टवेअर बहुतेकदा डिव्हाइस किंवा सेन्सर मोजून पैसे घेतं. इथे ती मोजणी नाही, सोर्स कोड उघडा आहे आणि कंपनीच्या आत वापरायला लायसन्सची फी नाही.

आधी गरजा लिहा, मग डाउनलोड करा

बहुतेक जण उलटं करतात. आधी डॅशबोर्डचे रंगीत ग्राफ बघतात, मग त्यात गरजा शोधतात. त्याऐवजी एका कागदावर "हे नसेल तर चालणारच नाही" आणि "असलं तर बरं" असे दोन रकाने करा. चाकणच्या पुरवठादारासाठी पहिल्या रकान्यात निदान पाच गोष्टी येतील.

पहिली : किती यंत्रं, किती डेटा? समजा २०० डिव्हाइस आहेत आणि प्रत्येकाकडून दर मिनिटाला ४० आकडे घ्यायचे आहेत. म्हणजे मिनिटाला ८ हजार आणि दिवसाला १ कोटी १५ लाख नोंदी झाल्या. एका नोंदीला साधारण ९० बाइट धरले, तर रोजचा १ जीबी आणि महिन्याचे ३१ जीबी. साधा सर्व्हर आणि चांगली एसएसडी एवढ्यावर हे भागतं. इथे ओपन सोर्स आरामात पास.

दुसरी : शॉप फ्लोअरवरची जुनी मशिन. ऑफिसचा लॅपटॉप दर मिनिटाला विचारलेले शंभर प्रश्न सहज झेलतो. पंधरा वर्षांपूर्वीचा पीएलसी, म्हणजे मशिन चालवणारा छोटा कंट्रोलर, अशा प्रश्नांनी अडखळू शकतो. संपूर्ण नेटवर्क आपोआप शोधून काढणारं 'ऑटो डिस्कव्हरी' हे बटण ऑफिसमध्ये सोयीचं असतं, पण चालू लाइनवर ते दाबणं धोक्याचं. अशा वेळी कंट्रोलरला न विचारता तो ज्या स्विचच्या पोर्टला जोडला आहे, त्या पोर्टवर नजर ठेवायची. पोर्ट बंद झाला, तर मशिन नेटवर्कवरून गेली हे कळतंच.

ऑफिसचं आणि मशिनचं नेटवर्क वेगळं ठेवलं असेल, तर मॉनिटरिंगसाठी ती भिंत पाडायची नाही. झॅबिक्समध्ये 'प्रॉक्सी' नावाचा मदतनीस मशिनच्या बाजूला बसवता येतो. तो तिथली हजेरी घेतो आणि स्वतःहून मुख्य सर्व्हरला कळवतो, त्यामुळे बाहेरून आत येणारी वाट उघडावी लागत नाही. मधली लिंक तुटली तर डेटा साठवून नंतर पाठवतो. तुम्ही निवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसेल, तर इथेच थांबा.

तिसरी : अलर्ट खरंच पोचतो का? हा फोनवाल्यांचा प्रश्न आहे, म्हणून नीट वाचा. अलर्ट टेलिग्रामवर किंवा ईमेलवर येतो. आता रस्त्याच्या खोदाईत कंपनीची फायबर तुटली. मॉनिटरिंग सर्व्हर आत बसलाय, त्याला इंटरनेट गेल्याचं कळलंय, पण ते सांगायला इंटरनेटच नाही! तुमचा फोन शांत, आणि तुम्हाला वाटतं सगळं सुरळीत आहे. यावर उपाय दोन : सिम कार्ड असलेला मोडेम जोडून एसएमएस पाठवणं, किंवा बाहेरच्या एखाद्या छोट्या सर्व्हरवरून कंपनीच्या लिंकवर नजर ठेवणं.

दुसरी अडचण अलर्टच्या पुराची. आपल्या पट्ट्यात गुरुवारी बऱ्याच कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी असते, आणि देखभालीसाठी वीजही त्याच दिवशी जाते. त्या दिवशी २०० डिव्हाइसचे २०० मेसेज आले, की तुम्ही ग्रुप म्यूट करणार. मग शनिवारी रात्री खरा मेसेज येतो तेव्हा ग्रुप म्यूटच असतो. म्हणून 'मेंटेनन्स पीरियड' लावता येतो का आणि मुख्य स्विच गेल्यावर त्यामागच्या ४० यंत्रांचे वेगळे मेसेज दाबता येतात का, हे तपासा. झॅबिक्समध्ये दोन्ही होतं, पण सेटिंग तुम्हालाच करावी लागते.

चौथी : कायद्याची अट. इथे मोठा गैरसमज आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एका प्रमाण वेळेशी जुळलेली असावी लागतात. "आपण मॉनिटरिंग बसवलंय, म्हणजे लॉग आहेतच की," असं अनेकांना वाटतं. तसं नाही. मॉनिटरिंग आकडे साठवतं : रात्री दोन वाजता फायरवॉलवरची रहदारी तिप्पट झाली. कुठल्या पत्त्यावरून कोण कुठल्या युजरनेमने आत आलं, हे लॉगमध्ये असतं. त्यासाठी वेगळा लॉग सर्व्हर लागतो. आरसिसलॉग, वाझू असे ओपन सोर्स पर्याय त्यासाठीही आहेत, पण ते दुसरं काम आहे आणि त्याची डिस्क वेगळी मोजायची. म्हणजे या अटीवर एकटं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर नापास, मग ते फुकट असो वा लाखाचं.

पाचवी : पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा? मॉनिटरिंग सर्व्हरकडे अख्ख्या कंपनीचा नकाशा आणि बरेच पासवर्ड असतात. चोराला यापेक्षा काय हवं? डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स प्रकरणात हल्लेखोरांनी मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच घुसखोरी केली होती, आणि ते अपडेट सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत गेलं. ते पेड सॉफ्टवेअर होतं. ओपन सोर्सही सुटलेलं नाही : फेब्रुवारी २०२२ मध्ये झॅबिक्सच्या वेब लॉगिनमधली गंभीर त्रुटी समोर आली आणि तिचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याचा इशारा अमेरिकेच्या सिसा या संस्थेने दिला. दुरुस्ती उपलब्ध होती, पण ती ज्यांनी टाकली त्यांनाच उपयोगी पडली. त्यामुळे हा डॅशबोर्ड थेट इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही, एसएनएमपीचा 'पब्लिक' हा ठरीव पासवर्ड बदलायचा आणि जिथे चालेल तिथे एनक्रिप्शन असलेली तिसरी आवृत्ती वापरायची.

एक महिना परीक्षा घ्या

कागदावर पास झालेलं सॉफ्टवेअर प्रत्यक्षात तपासायला ३० दिवस द्या. सुरुवात १५-२० यंत्रांपासून करा. मग मुद्दाम खोड्या काढा : एक केबल उपटा, एका चाचणीच्या सर्व्हरची डिस्क भरा, इंटरनेटची लिंक बंद करा. प्रत्येक वेळी अलर्ट किती मिनिटांत आला, कोणाला आला, हे लिहा. निदान एक गुरुवार आणि एक रात्रपाळी यात असू द्या. शेवटी मॉनिटरिंग सर्व्हरचाच बॅकअप दुसऱ्या मशिनवर चालू करून बघा. जे आले नाहीत ते अलर्टही मोजा आणि विनाकारण आलेलेही.

मग निकाल काय?

चाकणच्या मध्यम पुरवठादारासाठी ओपन सोर्स मॉनिटरिंग पुरतं. सोयींच्या यादीत ते बहुतेक ठिकाणी पेडच्या बरोबरीने उभं राहतं. ते कमी पडतं ते माणसांच्या बाबतीत. लायसन्सचे वाचलेले पैसे मालकाला नफा वाटतात, पण अपडेट टाकायला, सेटिंग करायला आणि अलर्टला उत्तर द्यायला कोणाचे तरी तास लागतात. हे सगळं एकाच मुलाच्या डोक्यात असेल आणि त्याने नोकरी बदलली, तर सहा महिन्यांत त्या डॅशबोर्डवर अर्धे दिवे लाल दिसतील आणि कोणी बघणार नाही.

म्हणून "टाकून दे" असं कोणी सांगितलं, तर आधी तीन गोष्टी लेखी मागा : हे बघणारी दोन माणसं, त्यांना आठवड्यातले ठरलेले तास, आणि रात्री अलर्ट आल्यावर फोन उचलणाऱ्याचं नाव. या तीन ओळी भरल्या गेल्या, तर फुकटचं सॉफ्टवेअर बिनधास्त घ्या. नाहीच भरल्या, तर ज्यात रात्रीचा फोन दुसरं कोणी उचलेल असा सपोर्ट करार मालकाकडे मागा. झॅबिक्ससारख्या ओपन सोर्सलाही तो पैसे देऊन मिळतो.